आधी रक्त, मग इंजेक्शन

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार,

सिकलसेलचे (रक्तातल्या लाल पेशी कोयत्यासारख्या वाकड्या होण्याचा आनुवंशिक आजार) लेकरू मांडी धरून, तापाने फणफणत ग्रामीण रुग्णालयात येते. बहुतेकदा हाडाचा रक्तपुरवठा अडलेला असतो. सलाइन, वेदनाशामक आणि विश्रांतीने ते सावरते. पण कधी त्याच हाडात जंतू शिरून पू धरू लागलेला असतो, म्हणजे ऑस्टिओमायलायटिस. ताप, सूज, ठणका दोन्हींत सारखाच. एक्स-रे पहिले १०-१४ दिवस साफ दिसू शकतो. सीआरपी, ही दाह दाखवणारी रक्ततपासणी, दोन्हींत वाढते. ईएसआरवर (लाल पेशी नळीत किती वेगाने खाली बसतात, त्याची तपासणी) तर विसंबूच नये: कोयत्यासारख्या वाकड्या पेशींची चळत लागत नाही, म्हणून तो फसवा कमी येतो.

उरते ब्लड कल्चर, म्हणजे रक्तातले जंतू बाटलीत वाढवून ओळखण्याची तपासणी, आणि घात तिथेच होतो. ताप दिसला की सेफ्ट्रायॅक्झोन हे जंतुनाशक औषध टोचायचे, उतार पडला नाही की चार दिवसांनी नागपूरचा रस्ता दाखवायचा, अशी रीत पडली आहे. तोवर रक्तातले जंतू दबतात, कल्चर कोरे येते, हाडातले मात्र तग धरून राहतात. या मुलांत साल्मोनेला आणि स्टॅफिलोकोकस या दोन्ही जंतूंवर संशय असतो. दोघांचे औषध एकच नाही, आणि ते साधारण चार ते सहा आठवडे चालवावे लागते. जंतू न ओळखता इतके दिवस औषध देणे म्हणजे अंधारात गोटे मारणे.

तालुक्याला एमआरआय द्या, असे आम्ही म्हणत नाही. (हे दोन आजार वेगळे करताना तोही कधी कधी गोंधळतो.) कोरची, धानोरा, धारणीसारख्या प्रत्येक तालुक्याच्या रुग्णालयात कल्चरच्या मुलांच्या आणि मोठ्यांच्या बाटल्या कायम असाव्यात, मुदत तपासलेल्या. लेखी आदेश एवढाच हवा: त्वचा स्पिरिटने पुसून पूर्ण सुकू द्या, नाहीतर कातडीवरचाच जंतू उगवतो, मुलांच्या बाटलीत १ ते ३ मिली, मोठ्यांच्या बाटलीत ८ ते १० मिली रक्त घ्या, आणि मगच, पण लगेच, पहिले इंजेक्शन द्या. दहा मिनिटांचे काम आहे.

बाटली त्याच दिवशी जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत पोचावी. लसीच्या सवयीने कर्मचारी तिला फ्रिजमध्ये किंवा आइसपॅकसोबत ठेवतात. गारठ्याने जंतू उगवत नाहीत. मे महिन्यात गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवणेही तितकेच वाईट. बिनबर्फाचा थर्मोकोलचा डबा पुरतो. आणि कल्चरमध्ये काही उगवल्याचे दिसले की त्याच तासाला वॉर्डात फोन यावा. छापील अहवाल मागाहून आला तरी चालेल.

आपले,
विदर्भातील ग्रामीण रुग्णालयांत काम करणारे डॉक्टर व प्रयोगशाळा तंत्रज्ञ