तोंडी नकार म्हणजे ‘वाजवी निर्बंध’ नव्हे

संपादक महोदय,

हक्कांचा विषय निघाला की ‘हक्क अनिर्बंध नसतात’ हे वाक्य कोणीतरी हमखास ऐकवतो. वाक्य खरे आहे. नागरिकशास्त्र शिकवताना मीही ते वर्षानुवर्षे फळ्यावर लिहिले. मात्र निर्बंध घालणाऱ्यावरही बंधने असतात, हा धड्याचा उरलेला भाग मी बहुधा तास संपता संपता उरकत असे. त्याची किंमत निवृत्तीनंतर एका अर्जाच्या निमित्ताने कळली.

अर्ज साधा होता. पाणीपुरवठ्याच्या तक्रारीसाठी आम्हा वीस-पंचवीस ज्येष्ठ नागरिकांना सुटीच्या दिवशी सकाळी तासभर, रस्त्याच्या कडेला, फलक घेऊन मुकाट्याने उभे राहायचे होते. अर्ज दोन प्रतींत नेला. टेबलामागच्या गृहस्थांनी तो वाचला आणि ‘सध्या मनाई आदेश आहे, काका’ असे सौजन्याने सांगितले. आदेशाची प्रत मागितली, ती मिळाली नाही. मग नकार अर्जावरच लिहून द्या म्हटले, तेव्हा दोन्ही प्रती माझ्या हातात परत आल्या. आवकचा शिक्का समोरच शाईच्या पॅडवर आडवा पडलेला होता. माझ्या अर्जावर तो उमटला नाही, एवढेच. म्हणजे कागदोपत्री पाहिले तर मी परवानगी मागितलीच नाही आणि कोणी ती नाकारलीही नाही.

अनुच्छेद 19 शांततेने व विनाशस्त्र एकत्र जमण्याचे स्वातंत्र्य देतो आणि त्याचाच तिसरा खंड त्यावर निर्बंध घालण्याची मुभा राज्याला देतो. पण तो निर्बंध कायद्याने घातलेला हवा, देशाची सार्वभौमता व एकात्मता किंवा सार्वजनिक सुव्यवस्था यांसाठी हवा, आणि शिवाय वाजवी हवा. भाषणस्वातंत्र्याच्या बाबतीत ‘वाजवी’ हा शब्द मूळ संविधानात नव्हता, तो 1951 च्या पहिल्या घटनादुरुस्तीने आला. त्या दुरुस्तीने निर्बंधांची कारणे वाढवली, ही टीका योग्यच आहे. तरी तो एक शब्द घालून तिने न्यायालयाच्या हाती मोजपट्टीही दिली. पुढच्याच वर्षी व्ही. जी. राव यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ही मोजपट्टी कशी लावायची ते सांगितले: कोणता हक्क आहे, कोणते अरिष्ट टाळायचे आहे, ते किती निकडीचे आहे आणि घातलेला निर्बंध त्याच्या मानाने अवाजवी तर नाही ना, हे सारे पाहावे लागते. ‘वरून सांगितले आहे’ या उत्तराला यांतली कोणतीच कसोटी लावता येत नाही, कारण तपासायला कागदच नसतो.

कायद्याचा आधार नसलेली बंदी टिकत नाही, हे 1986 च्या बिजो इमॅन्युएल खटल्यात फार स्वच्छपणे दिसले. केरळमधील तीन भावंडे राष्ट्रगीताच्या वेळी आदराने उभी राहत, परंतु धर्मश्रद्धेमुळे ते गात नसत. त्यासाठी त्यांना शाळेतून काढण्यात आले. राष्ट्रगीत गायलाच हवे असे सांगणारा कायदा नाही आणि शिक्षण खात्याच्या परिपत्रकांना कायद्याचे बळ नाही, म्हणून न्यायालयाने त्यांना शाळेत परत घ्यायला लावले. शिक्षक या नात्याने कबूल करतो, मी त्या शाळेत असतो तर परिपत्रकापुढे प्रश्न विचारला नसता.

आमच्या बाबतीत सांगितलेला मनाई आदेश महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम 37 खालचा असावा. या कलमान्वये जमावबंदी राज्य शासनाच्या मंजुरीशिवाय पंधरा दिवसांपेक्षा अधिक काळ ठेवता येत नाही. मुदत तात्पुरत्या प्रसंगासाठी आहे, हे उघड आहे. पण एक आदेश संपला की दुसरा निघत राहिला तर अपवादाचाच नियम होतो. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 144 विषयी, म्हणजे आताच्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 163 विषयी, अनुराधा भसीन खटल्यात 2020 साली न्यायालयाने नेमके हेच बजावले आहे: असे आदेश प्रसिद्ध करावेत, आणि ते पुन्हा पुन्हा काढत राहणे हा अधिकाराचा दुरुपयोग ठरेल.

याचा अर्थ रस्ता आमच्या मालकीचा आहे असा मुळीच नाही. शाहीनबाग प्रकरणी त्याच वर्षी न्यायालयाने सार्वजनिक रस्ता बेमुदत अडवून ठेवता येणार नाही असे म्हटले, आणि मला ते पटते. रात्री दहानंतरच्या ध्वनिवर्धकाचेही तसेच. ध्वनिप्रदूषणाविषयीचे नियम 2000 सालापासून आहेत; कोणालाही ऐकण्याची सक्ती करता येत नाही, असे 2005 च्या निकालाने स्पष्ट केले. तरीही शेजाऱ्याला आवाज कमी करायला सांगितले तर तो आपल्या स्वातंत्र्याचा दाखला देतो. गंमत अशी, की जिथे निर्बंध लेखी आणि नेमका आहे तिथे तो पाळला जात नाही, आणि जिथे तो केवळ तोंडी आहे तिथे आपण निमूट घरी परततो.

माझी सूचना मर्यादित आहे. सभा वा निदर्शनांच्या प्रत्येक अर्जाला पोच मिळावी. नकार द्यायचा तर तो कारणासह, लेखी आणि नियोजित दिवसाच्या पुरेसा आधी द्यावा. आणि लागू असलेला मनाई आदेश कार्यालयाच्या फलकावर व संकेतस्थळावर वाचता यावा. लेखी नकार हाती असेल तरच अनुच्छेद 226 खाली उच्च न्यायालयात जाताना नागरिकाला नेमके काय आव्हानायचे ते दाखवता येईल.

आमचा अर्ज आम्ही स्पीड पोस्टाने पुन्हा पाठवला आहे. पोच आली आहे, उत्तर अद्याप नाही.

आपला,
एक निवृत्त शिक्षक