अटकेचा फलक कुठे आहे?

पोलिसांकडील नोंदी मागणाऱ्या नागरिकांच्या हेलपाट्यांवरील आपला लेख वाचला. त्यात माहिती अधिकारावर भर आहे. पण अर्जाला १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून ३० दिवस थांबायची वेळ मुळात यावीच का? भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३७ नुसार अटक झालेल्यांची नावे, पत्ते व गुन्ह्याचे स्वरूप प्रत्येक ठाण्यात ठळकपणे लावायला हवे. संवेदनशील गुन्हे वगळता एफआयआर २४ तासांत संकेतस्थळावर टाकण्याचा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश तर २०१६ चा. सोसायटीतील चोरीबाबत मी एका ठाण्यात गेलो, तेव्हा फलकावर गेल्या गणेशोत्सवातील बंदोबस्ताची पिवळी पडलेली यादी होती. ‘तुमचा काय संबंध?’ हा प्रश्न मात्र ताजा होता.

– एक वाचक, कोथरूड, पुणे