स्टेंट स्वस्त झाला, पण तो कुणाला घालायचा?

महोदय,

फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्राने मेडिकेटेड स्टेंटची, म्हणजे हृदयाची अरुंद रक्तवाहिनी उघडी ठेवणाऱ्या औषध लावलेल्या जाळीच्या नळीची, कमाल किंमत २९,६०० रुपये ठरवली. त्याआधी काही स्टेंटसाठी लाखाच्या वर पैसे पडत. हा निर्णय चांगलाच होता. पण ज्याला गरज नाही त्याला घातलेला स्वस्त स्टेंटही महागच पडतो.

हार्ट अटॅकमध्ये रक्तवाहिनी अचानक बंद होते, स्नायू मिनिटागणिक मरतो. तिथे तातडीच्या अँजिओप्लास्टीचा, म्हणजे फुग्याने वाहिनी उघडून स्टेंट बसवण्याचा, रुपया न् रुपया सार्थकी लागतो. जिना चढताना छातीत दुखते आणि थांबले की राहते, अशा स्थिर दुखण्याचे गणित वेगळे आहे. करेज (२००७) आणि इस्किमिया (२०२०) या मोठ्या अभ्यासांत अशा रुग्णांना औषधांच्या जोडीला सुरुवातीलाच स्टेंट किंवा बायपास दिल्याने मृत्यू कमी झाले नाहीत. वारंवार दुखणाऱ्यांना आराम मात्र जास्त मिळाला. मृत्यू कमी न होण्याचे कारण सरळ आहे. अटॅक पुष्कळदा फारशा अरुंद न झालेल्या जागीच येतो. तिथला मऊ चरबीचा थर फाटतो आणि गुठळी होते. स्टेंट दोन-तीन सेंटिमीटरची जागा सांभाळतो, कोलेस्टेरॉल कमी करणारी स्टॅटिनची गोळी सगळ्या वाहिन्यांवर काम करते.

म्हणून ‘८० टक्के ब्लॉक’ एवढ्यावर लगेच सही करू नका. डाव्या मुख्य वाहिनीत अडथळा आहे का, हृदयाचे पंपिंग कमी आहे का, पुरेशा औषधांनंतरही दुखते का, हे विचारा. तिन्हींचे उत्तर ‘नाही’ असेल, तर दुसरे मत घेण्याइतका वेळ नक्की असतो.

स्टेंट घातलाच, तर खरी गफलत पुढे होते. ॲस्पिरिन ७५ मिलिग्रॅम आणि सोबत क्लोपिडोग्रेल किंवा टिकाग्रेलॉर ही गुठळी रोखणारी जोडी अटॅकनंतर साधारण वर्षभर लागते. बरे वाटले, दात काढायचा आहे, पैसे संपले, म्हणून ती परस्पर बंद केली की स्टेंटमध्येच गुठळी होऊ शकते. यातली बरीच औषधे जनऔषधी केंद्रांत स्वस्त मिळतात. डिस्चार्जच्या कागदावर ब्रँडऐवजी औषधाचे मूळ नाव ठळक लिहिले, तर ती शोधणे सोपे जाईल.

आणखी एक. जुन्नरहून निघालेला रुग्ण चाकणच्या कोंडीतून दोन तासांत पुण्याच्या कॅथ लॅबमध्ये (जिथे अँजिओप्लास्टी होते) पोहोचेलच असे नाही. अशा वेळी गुठळी विरघळवणारे इंजेक्शन जवळच्या रुग्णालयातच द्यायचे असते. जिल्ह्याच्या प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात ते इंजेक्शन आणि दहा मिनिटांत ईसीजी काढणारा माणूस चोवीस तास हवा. पुढच्या अंदाजपत्रकात त्यासाठी स्वतंत्र तरतूद करावी.

— एक हृदयरोगतज्ज्ञ, पुणे