माऊसवरचा हात काढून घेतल्याबद्दल

गोखले रोडलगतच्या गल्लीत झेरॉक्सच्या दुकानातील संगणकापाशी बसणाऱ्या ताईंना,

स. न. वि. वि.

तुमचे नाव विचारायचे राहून गेले, हे घरी पोहोचल्यावर लक्षात आले. म्हणून हे पत्र असे उघडपणे लिहीत आहे. गेल्या गुरुवारी भर पावसात पिशवीत लॅपटॉप गुंडाळून आलेला, बऱ्यापैकी चिडलेला ६७ वर्षांचा गृहस्थ तो मीच. नौपाड्यातील आमच्या गृहनिर्माण संस्थेचा मी सचिव आहे आणि संस्थेची काही कागदपत्रे एका संकेतस्थळावर चढवण्याची मुदत संपायला तीन दिवस उरले होते. पासवर्ड बरोबर होता, मोबाईलवर आलेला ओटीपीही बरोबर होता, तरी बटण दाबले की पुन्हा तेच लॉगिनचे पान पुढ्यात येत होते.

मदतकेंद्रावरील गृहस्थांनी माझे बोलणे अर्ध्यावर तोडून ‘कॅश आणि कुकीज क्लिअर करा’ एवढेच तीनदा ऐकवले होते. (आयुष्यभर हिशेब तपासलेल्या माणसाला कॅश म्हणजे रोख रक्कमच वाटणार, पण ते असो.) सल्ला अगदीच चुकीचा नव्हता, हे आता कळते, पण तो पाळण्याची माझी हिंमत नव्हती, आणि तिला कारण होते. मागल्या वर्षी एका पानावर जुनीच माहिती दिसत होती, म्हणून मी एका दुरुस्तीवाल्याकडे गेलो होतो. मी चष्मा डोळ्यांवर चढवण्याआधीच त्याने दिसेल त्या चौकटीत खूण केली, अगदी साठवलेल्या पासवर्डच्या वेगळ्या चौकटीतही, आणि सुरुवातीपासूनचे सगळे पुसून चारशे रुपये घेतले. संस्थेच्या खात्यांचे पासवर्ड पुन्हा मिळवण्यात माझा महिना गेला आणि कार्यकारिणीच्या सभेत जी उत्तरे द्यावी लागली, ती वेगळीच.

तुम्ही मात्र माझी तक्रार शेवटपर्यंत ऐकलीत. एक इनकॉग्निटो विंडो, म्हणजे ब्राउझरच्या जुन्या खुणा न वापरणारी कोरी खिडकी, उघडून मला तिथे लॉगिन करायला सांगितलेत आणि पहिल्याच फटक्याला आत जाता आले. म्हणजे संकेतस्थळ ठीक, पासवर्ड ठीक, दोष माझ्या ब्राउझरने धरून ठेवलेल्या जुन्या खुणेचा. त्यानंतर तुमचा हात माऊसकडे गेला, क्षणभर थांबला, आणि तुम्ही तो काढून घेऊन माझ्याकडे वळून विचारलेत, “काका, काही काढायच्या आधी सांगा, यातलं काय राहिलंच पाहिजे?”

गेले चार दिवस मला तो प्रश्नच आठवतो आहे. लॅपटॉप माझा, त्यातली जमवाजमव माझी, आणि ती पुसण्याआधी मला विचारावे, असे त्याआधी कोणालाही वाटले नव्हते. मग तुम्ही फक्त त्या एकाच संकेतस्थळाच्या कुकीज काढल्यात आणि बाकी कशालाही हात लावला नाहीत.

घरी येऊन मी या विषयाचे थोडे वाचन केले. वेबचा मूळ व्यवहार विसराळू आहे. एका मागणीनंतर दुसरी आली, तर ती त्याच माणसाची आहे हे सर्व्हरला आपणहून कळत नाही. त्यावर तोड म्हणून १९९४ मध्ये नेटस्केप या ब्राउझर कंपनीतील लू माँटुली यांनी कुकी, म्हणजे संकेतस्थळाने आपल्या ब्राउझरमध्ये ठेवलेली छोटी ओळखखूण, आणली. मला ती गिरणीतल्या दळणाच्या डब्यावरील चिठ्ठीसारखी वाटते. गिरणीवाला आपल्याला नव्हे, चिठ्ठीला ओळखतो, आणि मागच्या खेपेची चिठ्ठी डब्यावर तशीच राहिली की घोळ होतो. अशा वेळी ती एक चिठ्ठी काढायची असते, गिरणीतले सगळे डबे पालथे करायचे नसतात. कॅशेचे (मदतकेंद्रावरील ‘कॅश’ ती हीच) काम वेगळे: पानावरील चित्रे आणि मांडणीच्या फायली जवळ साठवायच्या, म्हणजे पुढच्या वेळी पान लवकर उघडते. पान मोडके किंवा शिळे दिसू लागले, तर ती साठवण जरूर काढावी. पण आमचे अध्यक्ष दर रविवारी घर झाडल्यासारखी ती झाडतात आणि सोमवारी इंटरनेट मंद असल्याची तक्रार करतात. आपल्या खुणा न चुकता पुसाव्यात त्या परक्या संगणकावरून उठताना, आणि नेमके तेच आम्ही कोणी करत नाही.

कागदपत्रे त्याच रात्री चढली. तुम्ही माझ्याकडून दोन पानांच्या प्रिंटचे दहा रुपये तेवढे घेतलेत आणि बाकीचे “त्यात काय एवढं” म्हणून परत केलेत. त्यात काय होते, हे सांगण्यासाठीच हा पत्रप्रपंच. माणसाला अडाणी न ठरवता त्याचे काम करून देणारी माणसे या शहरात आहेत, आणि ती बहुधा काउंटरच्या पलीकडे स्टुलावर बसलेली असतात.

येत्या सोमवारी वार्षिक सभेच्या नोटिशीच्या ८४ प्रती काढायला येणार आहे. पावसाने कागद दमट होतो, तेवढा कोरडा गठ्ठा बाजूला ठेवावा, ही विनंती. नाव तेव्हा विचारीन.

आपला ऋणी,
नौपाड्यातील एका गृहनिर्माण संस्थेचा सचिव