व्हॉल्व्ह शोधण्याआधी रेझिस्टर आणि कॉइल निवडा

महोदय,

निसर्ग चक्रीवादळ 3 जून 2020 रोजी रायगडच्या किनाऱ्यावर आदळले, पुढच्या वर्षी मे महिन्यात तौक्ते किनारपट्टी झोडपून गेले आणि त्याच वर्षी 22 जुलैला चिपळूण पुराखाली गेले. वीज आणि मोबाइल एकदमच गेल्यावर संपर्काचे काय होते, हे कोकणाने तेव्हा अनुभवले. त्यानंतर हौशी रेडिओकडे, म्हणजे हॅम रेडिओकडे, वळलेली काही तरुण मंडळी माझ्या ओळखीची आहेत. परवाना मिळून 7 मेगाहर्ट्झवर बोलणे सुरू झाले की विजांच्या खरखरीत आपला आवाज बुडतो हे त्यांच्या लक्षात येते आणि मग घरीच व्हॉल्व्हचा (निर्वात काचनळीचा) पॉवर ॲम्प्लिफायर, म्हणजे प्रक्षेपणाची ताकद वाढवणारे यंत्र, बांधायचा बेत ठरतो. परवान्याच्या मर्यादेत राहून असे यंत्र बांधणे हे उत्तम शिक्षण आहे. मात्र सगळी धडपड आणि सगळा पैसा व्हॉल्व्ह मिळवण्यात जातो, आणि रेझिस्टर (विजेला रोध करणारा भाग) व कॉइल (तारेचे वेटोळे) हाताला येतील ते बसवले जातात. याबद्दल कळकळीने दोन शब्द लिहावेत म्हणून हे पत्र.

उदाहरणादाखल 813 जातीचे दोन व्हॉल्व्ह, 2000 व्होल्ट आणि 0.3 अँपिअर एवढा प्रवाह धरू. पुरवठ्यात 270 मायक्रोफॅरडचे, 450 व्होल्टचे आठ कंडेन्सर, म्हणजे वीज साठवणारे भाग, एकापुढे एक जोडले, तर त्यांत सुमारे 67 जूल ऊर्जा साठते आणि स्विच बंद केल्यावरही ती तिथेच राहते. म्हणून प्रत्येक कंडेन्सरवर 100 किलोओहमचा रेझिस्टर लागतो. त्यात जेमतेम 0.63 वॅट खर्च होतात, पण तो 3 वॅटचा घ्यावा. दोन मिनिटांत सगळी साखळी 30 व्होल्टच्या खाली येते. हा रेझिस्टर केवळ वीज उतरवत नाही, तर व्होल्टेजची समान वाटणीही करतो. आठांपैकी एक जरी रेझिस्टर आतून तुटला, तरी बाकीचे सात कंडेन्सर आपापल्या रेझिस्टरमधून हळूहळू रिकामे होतात आणि जवळजवळ सगळे व्होल्टेज रेझिस्टर तुटलेल्या एकट्या कंडेन्सरवर येऊन पडते. तो फुटल्यावर दोष कंडेन्सरला दिला जातो, पण खरा दोष चार रुपये वाचवण्यात असतो.

रेझिस्टर निवडताना बहुतेक जण फक्त ओहम आणि वॅट पाहतात. प्रत्येक रेझिस्टरला व्होल्टेजचीही मर्यादा असते, हे दुकानात कोणी सांगत नाही. 2000 व्होल्ट मोजण्यासाठी मीटरला 10 मेगओहम लावायचे झाले, तर हिशेबाने त्यात अवघे 0.4 वॅट जातात, म्हणून एक वॅटचा एकच रेझिस्टर पुरेल असे वाटते. प्रत्यक्षात त्या आकाराचा साधा रेझिस्टर साडेतीनशे ते पाचशे व्होल्टच्या पुढे भरवशाचा नसतो. एक मेगओहमचे दहा जोडावेत, म्हणजे प्रत्येकावर 200 व्होल्ट येतात. आपल्याकडच्या हवेत मीठ आणि ओल दोन्ही असल्यामुळे त्यांच्या अंगावर बसलेल्या थरातूनही वीज झिरपते. तेव्हा ते बोर्डाला चिकटवून न बसवता मोकळे, उंचावर बसवावेत आणि पावसाळ्यानंतर स्पिरिटने पुसावेत.

व्हॉल्व्हच्या आत कधी ठिणगी पडली, तर कंडेन्सरमधली सगळी ऊर्जा क्षणात त्यातून वाहू पाहते. तो लोंढा अडवण्यासाठी 2000 व्होल्टच्या वाटेवर 50 ओहमचा, 25 वॅटचा, तारेच्या वेढ्यांचा रेझिस्टर घालावा. मग प्रवाह फार तर 40 अँपिअरवर थांबतो, आणि एरवी त्यात फक्त 15 व्होल्ट खर्च होतात. तो अंगाने लांब असावा, कारण ठिणगीच्या क्षणी त्याच्या दोन टोकांमध्ये पूर्ण 2000 व्होल्ट येतात आणि आखूड रेझिस्टरवरून वीज बाहेरूनच उडी मारते.

इथेच सर्वाधिक घोटाळा होतो. वरच्या जागी तारेच्या वेढ्यांचा रेझिस्टर हवा, तर व्हॉल्व्हच्या ॲनोडला (उच्च व्होल्टेजच्या टोकाला) लागून जो लहान रेझिस्टर दोन-तीन वेढ्यांच्या कॉइलसोबत बसवतात, तिथे तो मुळीच चालत नाही. त्या जोडीचे काम नको असलेले अतिउच्च कंपन मारण्याचे आहे. वेढ्यांचा रेझिस्टर स्वतःच कॉइल असल्यामुळे ते कंपन मरण्याऐवजी टिकून राहते. तिथे 47 ते 100 ओहमचा कार्बन कॉम्पोझिशनचा, म्हणजे कार्बनच्या भुकटीपासून घडवलेला, रेझिस्टर घ्यावा. हा जुना प्रकार ओल शोषतो आणि त्याचे ओहम सरकतात, म्हणून कोकणात तो बसवण्यापूर्वी आणि दर ऑक्टोबरात मोजून पाहणे आवश्यक आहे.

आता ट्यूनिंगची कॉइल. वरच्या आकड्यांवरून व्हॉल्व्हला सुमारे 4200 ओहमचा भार दिसायला हवा आणि क्यू (फिरत्या ऊर्जेचे खर्च होणाऱ्या ऊर्जेशी प्रमाण) 12 धरल्यास 7.1 मेगाहर्ट्झला 8.3 मायक्रोहेन्रीची कॉइल व 64 पिकोफॅरडचा कंडेन्सर लागतो. कॉइलचे इंडक्टन्स, म्हणजे तिचे मायक्रोहेन्री, काढण्याचे अमेरिकन अभियंते हॅरोल्ड व्हीलर यांनी 1928 मध्ये दिलेले सूत्र आजही घरच्या कामाला पुरते: त्रिज्या आणि लांबी इंचात घ्यावी, त्रिज्येच्या वर्गाला वेढ्यांच्या वर्गाने गुणावे आणि त्रिज्येची नऊपट अधिक लांबीची दहापट यांनी भागावे. अडीच इंच व्यासाचे, तीन इंच लांबीचे, तीन मिलिमीटर तारेचे पंधरा वेढे जवळपास तेवढेच देतात. 28 मेगाहर्ट्झला मात्र 16 पिकोफॅरडच हवे असतात, आणि दोन 813 च्या ॲनोडपाशीच 28 पिकोफॅरड असतात. त्यामुळे तिथे गणितातली 2 मायक्रोहेन्रीची कॉइल जमत नाही; वेढे कमी करावे लागतात, क्यू वाढतो आणि तांबे तापते. म्हणून त्या पट्ट्यासाठी वेगळी कॉइल पाव इंची तांब्याच्या नळीची करावी. फ्रिज दुरुस्त करणाऱ्यांकडे ही नळी सहज मिळते. ही वेगळी कॉइल मोठ्या कॉइलशी काटकोनात बसवावी.

या कॉइलमध्ये साडेतीन अँपिअर प्रवाह फिरतो आणि 7 मेगाहर्ट्झला तो तांब्याच्या वरच्या साधारण 25 सहस्रांश मिलिमीटरमध्येच वाहतो. म्हणजे खाऱ्या हवेने जो थर हिरवा होतो, नेमका तोच आपल्या कामाचा असतो. आपल्या घरी तांब्याची भांडी चिंचेने किंवा आमसुलाने उजळतात, तशी कॉइल उजळायला हरकत नाही. मात्र आंबट राहिले तर ते पुन्हा खाते, म्हणून भरपूर पाण्याने धुऊन, पूर्ण वाळवून वर पातळ पारदर्शक लॅकर द्यावे. टॅप बदलणाऱ्या, म्हणजे कॉइलचे किती वेढे वापरायचे ते ठरवणाऱ्या, स्विचच्या स्पर्शबिंदूवर एक ओहमचा जरी रोध चढला, तरी तिथे बारा वॅट उष्णता तयार होते. स्विच चिनी मातीचाच घ्यावा.

सर्वांत शेवटी, अँटेनाच्या सॉकेटपासून चॅसिसला (यंत्राच्या धातूच्या सांगाड्याला) 2.5 मिलिहेन्रीचा चोक, म्हणजे रेडिओलहरी अडवून साधी वीज जाऊ देणारी कॉइल, जोडल्याशिवाय यंत्र चालू करू नये. उच्च व्होल्टेज अँटेनाकडे जाऊ न देणारा वाटेतला ब्लॉकिंग कंडेन्सर फुटला, तर याच्यामुळे फ्यूज उडतो. हा नसेल तर 2000 व्होल्ट थेट अँटेनाच्या तारेवर जातात, आणि ती तार बहुधा घरातल्या मुलांच्या हाताला लागेल अशीच बांधलेली असते.

रत्नागिरी आणि मालवण येथील शासकीय तंत्रनिकेतनांना माझी विनंती आहे की, पावसाळ्यापूर्वी एक दिवस आपली प्रयोगशाळा परवानाधारकांसाठी उघडावी आणि त्यांनी घरी केलेल्या कॉइल व खरेदी केलेले रेझिस्टर तिथे मोजून द्यावेत. खेडेगावातल्या मुलांना इंडक्टन्स मोजायचे साधन मिळणे, हीच आजची खरी अडचण आहे.

आपला विश्वासू,
एक परवानाधारक हौशी रेडिओचालक,
हर्णै, ता. दापोली, जि. रत्नागिरी