चॅम्पियन मैदानावर ठरू द्या, बंद खोलीत नको

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या क्रीडा पानावर अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलची चार ओळींची बातमी होती, की तिकडं प्लेऑफमध्ये, म्हणजे सीझनच्या शेवटच्या बाद फेरीत, १२ टीम आहेत त्या वाढवून १६ करायच्या का २४ यावर चर्चा चालू आहे. चार ओळीत संपवायचा हा विषय नाही म्हणून हे पत्र लिहितोय, लांबलं तर कापा पण छापा.

आधी ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, हा फुटबॉल म्हणजे आपण खेळतो तो नाही, हेल्मेट आणि पॅड घालून लांबुडका बॉल हातात घेऊन धावतात तो. माझा भाचा ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीत एमएस करतोय, तिथलं कॉलेजचं स्टेडियम लाखाच्या वर माणसांचं आहे आणि ते खरंच भरतं. तिकडची शनिवार रात्रीची मॅच म्हणजे इकडं रविवारी सकाळी सहाला, त्यामुळं भाच्याच्या नादानं आमच्या घरात रविवारचा पहिला चहा याच मॅचवर होतो. आणि मी स्वतः नाशिकमध्ये शाळेच्या पोरांना फुटबॉल (आपला) शिकवतो, त्यामुळं चॅम्पियन कसा ठरतो, टीममध्ये कोण कसा येतो हे माझ्या रोजच्या जिव्हाळ्याचं आहे.

तर या इतक्या मोठ्या खेळात कित्येक वर्षं चॅम्पियन चक्क मतदानानं ठरायचा. १९३६ पासून एपी ही वृत्तसंस्था पत्रकारांची मतं घेऊन टीमचे नंबर लावते, १९५० पासून कोच लोकांचं वेगळं मतदान सुरू झालं, आणि ज्याला जास्त मतं तो देशाचा चॅम्पियन. १९६४ ला तर अलाबामाला आधीच चॅम्पियन जाहीर करून टाकलं आणि मग १ जानेवारीला ऑरेंज बोल या सीझननंतरच्या मोठ्या मॅचमध्ये ते टेक्सासकडून २१-१७ हरले, तरी चॅम्पियन तेच. १९९० ला पत्रकार म्हणाले कोलोराडो, कोच म्हणाले जॉर्जिया टेक. १९९१ ला मायामी आणि वॉशिंग्टन. १९९७ ला मिशिगन आणि नेब्रास्का. एकाच वर्षी दोन दोन चॅम्पियन आणि दोघं एकमेकांसमोर उभेच राहिले नाहीत! मिशिगनची ती पोरं आता पन्नाशीकडं आली असतील, त्यांना आजही कोणी विचारलं की नेब्रास्काशी खेळला असता तर काय झालं असतं तर त्यांच्याकडं उत्तर नाही, आणि ते उत्तर मिळवायचा त्यांचा हक्क होता असं मला मनापासून वाटतं.

मग १९९८ पासून मतं आणि कॉम्प्युटरची आकडेमोड एकत्र करून पहिले दोन नंबर काढायचे आणि त्यांची फायनल घ्यायची अशी सिस्टीम आली, बीसीएस म्हणायचे तिला. त्यात २००४ ला ऑबर्न एकही मॅच न हरता बाहेर राहिलं कारण न हरलेल्या टीम दोनपेक्षा जास्त झाल्या, आणि ज्या ओक्लाहोमाला फायनलला घेतलं ते ५५-१९ नं पडलं. २००८ ला युटाह एकही मॅच हरलं नव्हतं तरी फायनलच्या आसपास कोणी फिरकू दिलं नाही, मग त्यांनी अलाबामालाही हरवून १३ पैकी १३ केले. त्याच वर्षी निवडून आलेल्या ओबामांनीही टीव्हीवरच्या मुलाखतीत सांगितलं की बाबांनो आठ टीमची प्लेऑफ करा. शेवटी २०१४ च्या सीझनपासून चार टीमची प्लेऑफ आली, आणि पहिल्याच वर्षी काय झालं तर चौथ्या नंबरच्या ओहायो स्टेटनं आधी अलाबामाला आणि मग ओरेगनला हरवून कप नेला. म्हणजे दोनच टीम घ्यायची जुनी पद्धत राहिली असती तर जो चॅम्पियन झाला तो आतच आला नसता. माझ्या मते प्लेऑफ हवी का नको हा प्रश्न त्या दिवशीच निकालात निघाला.

काही जण म्हणतात लीग का नाही घेत, सगळ्यात जास्त पॉइंट तो चॅम्पियन. प्रीमियर लीगला २० टीम आहेत, प्रत्येक जण प्रत्येकाशी दोनदा खेळतो, तिथं ते शोभतं. इथं वरच्या गटात सव्वाशेच्या वर कॉलेज आहेत आणि एका टीमच्या रेग्युलर सीझनला मॅच फक्त १२, त्यातल्या बहुतेक आपापल्या कॉन्फरन्समधल्या, म्हणजे कॉलेजांच्या आपापल्या गटातल्या. कोणाच्या वाट्याला सगळे तगडे, कोणाच्या वाट्याला निम्मे लिंबूटिंबू, मग १२ पैकी ११ जिंकलेला आणि १० जिंकलेला यांची तुलना कागदावर कशी करणार? बाद फेरीशिवाय मार्गच नाही. आणि गंमत म्हणजे याच खेळाच्या खालच्या डिव्हिजनमध्ये, म्हणजे डिव्हिजन टू आणि थ्रीला १९७३ पासून प्लेऑफ आहे, आणि त्यांच्यावरच्या एफसीएस म्हणतात त्या गटात १९७८ पासून. वरच्या मोठ्या कॉलेजचे प्रमुख मात्र वर्षानुवर्षं सांगत राहिले की प्लेऑफ घेतली तर पोरांच्या अभ्यासाचं आणि परीक्षेचं नुकसान होईल. छोट्या कॉलेजच्या पोरांना परीक्षा नसतात का? आपल्याकडं इंटर युनिव्हर्सिटीच्या मॅच सेमिस्टरच्या परीक्षेच्या तोंडावर येतात, पोरं ट्रेनमध्ये वरच्या बर्थवर नोट्स घेऊन बसतात आणि खेळतातही.

आता बाद फेरी क्रूर असते हे मला मान्य आहे, पूर्ण मान्य आहे. आपली २०२४-२५ ची रणजी आठवा. केरळ क्वार्टर फायनलला जम्मू काश्मीरवर पहिल्या डावातल्या फक्त एका रनाच्या लीडवर पुढं गेलं, २८१ विरुद्ध २८०. सेमीफायनलला अहमदाबादला गुजरात ४५५ वर ९ आउट, केरळचे ४५७. लीडला तीन रन हवेत, शेवटची जोडी, नागवासवालानं जोरात बॅट फिरवली, बॉल शॉर्ट लेगला उभ्या सलमान निझारच्या हेल्मेटवर आदळला आणि उडून थेट स्लिपमध्ये सचिन बेबीच्या हातात. झालं, गुजरातचा सीझन संपला. हेल्मेट दोन इंच इकडं असतं तर बॉल बाउंड्रीला गेला असता. पुढं फायनलला विदर्भानं केरळला पहिल्या डावाच्या लीडवरच अडवलं आणि मॅच ड्रॉ होऊन विदर्भ चॅम्पियन झालं. यात नशीब आहे का, आहेच की. पण गुजरातच्या कुठल्याही खेळाडूला कोणी असं सांगितलं नाही की तुम्ही चांगले आहात पण आम्हाला तुम्ही तितके चांगले वाटत नाही. सगळ्यांच्या डोळ्यासमोर झालं, बॉल उडताना सगळ्यांनी पाहिला. आणि ते सेमीफायनलला आले कसे, तर ग्रुपमध्ये पॉइंट मिळवून, जिंकलं तर सहा, लीड घेतली तर तीन, ग्रुपमधले पहिले दोन पुढं. इथं आपल्या गोल्फ क्लबच्या ग्राउंडवर महाराष्ट्राची रणजी मॅच असते तेव्हा तारेच्या जाळीला टेकून उभी राहिलेली शाळेतली पोरंसुद्धा बोटांवर हिशेब करून सांगतात की आता आपल्याला किती पॉइंट लागतात.

तिकडं नेमकं हेच नाही, आणि माझं खरं दुखणं तेच आहे. प्लेऑफ आली पण तिच्यात कोण येणार हे १३ जणांची कमिटी हॉटेलमध्ये बसून ठरवते. २०२३ ला फ्लोरिडा स्टेट १३ पैकी १३ जिंकलं, आपल्या कॉन्फरन्सचं चॅम्पियन झालं, आणि ३ डिसेंबरला चार नावं जाहीर झाली तेव्हा त्यात ते नव्हते, एक मॅच हरलेली अलाबामा होती. कारण काय, तर त्यांच्या क्वार्टरबॅकचा, म्हणजे बॉल फेकून सगळा खेळ चालवणाऱ्या जॉर्डन ट्रॅव्हिसचा, नोव्हेंबरमध्ये पाय मोडला होता आणि आता ही टीम पहिल्यासारखी राहिली नाही असं कमिटीला वाटलं. अहो पण त्याच्याशिवाय उरलेल्या पोरांनी पुढच्या दोन्ही मॅच जिंकल्या होत्या की! त्या पोरानं नंतर लिहिलं की माझा पाय सीझनमध्ये आणखी आधीच मोडला असता तर बरं झालं असतं, निदान ही टीम माझ्या एकट्याची नाही हे लोकांना दिसलं असतं. तेवीस वर्षांच्या पोरानं स्वतःचा पाय लवकर मोडायला हवा होता असं म्हणावं, कोच म्हणून मला हे वाचून त्या दिवशी प्रॅक्टिसला जावंसं वाटेना. नंतर ऑरेंज बोलला फ्लोरिडा स्टेट जॉर्जियाकडून ६३-३ नं हरलं आणि लोक म्हणाले बघा कमिटी बरोबर होती. नव्हती. मन मोडलेली टीम होती ती, कित्येक जण खेळायलाच उतरले नव्हते.

एकतर्फी हरण्याचा मुद्दा सारखा काढतात. प्लेऑफ चारवरून १२ टीमची झाल्यावर २०२५ च्या सीझनला त्या १२ मध्ये टुलेन आणि जेम्स मॅडिसन ही छोटी कॉलेज नियमानं आत आली आणि दोन्ही पहिल्याच फेरीत मार खाऊन गेली, तर लगेच ओरड सुरू की यांची लायकी नव्हती, जागा वाया गेली. त्याच प्लेऑफमध्ये अलाबामा इंडियानाकडून ३८-३ नं हरलं, ओरेगन सेमीफायनलला त्याच इंडियानाकडून ५६-२२ नं हरलं, तेव्हा कोणी नाही म्हणालं की अलाबामाला बोलवायलाच नको होतं. २०२३ च्या जानेवारीत तर फायनलच ६५-७ झाली होती. मोठा हरला तर त्याचा दिवस वाईट, छोटा हरला तर त्याची लायकी काढायची, हा न्याय मला पटत नाही, आणि आमच्या इथल्या मराठी शाळांच्या टीम मोठ्या इंग्लिश मीडियमच्या टीमसमोर उतरतात तेव्हा हेच टोमणे मी ग्राउंडवर ऐकलेत.

याची दुसरी बाजूही सांगतो. त्याच २०२५ ला एसीसी कॉन्फरन्सची फायनल ड्यूकनं जिंकली पण त्यांच्या नावावर पाच पराभव होते म्हणून त्यांना घेतलं नाही, आणि त्याच कॉन्फरन्समधल्या मायामीला, जी कॉन्फरन्सच्या फायनललासुद्धा पोचली नव्हती, दहाव्या नंबरवर आत घेतलं. आणि मायामी टेक्सास ए अँड एम, ओहायो स्टेट, ओल मिस असे एकेक पाडत थेट फायनलपर्यंत गेली आणि इंडियानाकडून २७-२१ अशी थोडक्यात हरली. म्हणजे फक्त कॉन्फरन्स जिंकणाऱ्यांनाच घ्या म्हटलं तर मायामीसारखी टीम बाहेर राहते. भाच्याचं म्हणणं असंच आहे की म्हणून कमिटी लागतेच. मला तसं वाटत नाही. दहा कॉन्फरन्स आहेत, दहाही चॅम्पियनना सरळ जागा द्या, ड्यूकलाही द्या, कारण नियमानं तो जिंकला, आणि उरलेल्या सहा जागा आधीच जाहीर केलेल्या पॉइंटच्या नियमानं भरा, कोणाशी खेळलात, बाहेरगावी जिंकलात का, एकमेकांतल्या मॅचमध्ये कोण जिंकलं. मायामी त्यातूनही आली असती, त्याच जागेच्या शर्यतीतल्या नोट्रे डेमला तिनं सीझनच्या सुरुवातीला २७-२४ नं हरवलंच होतं. नियम ऑगस्टमध्ये भिंतीवर लागला पाहिजे, डिसेंबरमध्ये हॉटेलात नाही. माझं मत १६ टीमला आहे. २४ नको, कारण इंडियाना १६ मॅच खेळून चॅम्पियन झालं, कॉलेजच्या पोरांची शरीरं आहेत ती, आणखी फेऱ्या वाढवायच्या तर आधी रेग्युलर सीझनच्या मॅच कमी करा. टीव्हीचे करार अब्जावधी डॉलरचे आहेत आणि कॉलेजनं खेळाडूंना थेट पैसे द्यायला सुरुवात केली २०२५ ला, तोपर्यंत कॉलेजकडून पोरांना मुख्यतः स्कॉलरशिपच मिळायची, त्यामुळं जास्त मॅच म्हणजे जास्त मजा असं म्हणणाऱ्यांनी गुडघेही मोजावेत.

रेग्युलर सीझनची किंमत जाते हा आक्षेप मात्र मला खरा वाटतो. ओहायो स्टेट ३० नोव्हेंबर २०२४ ला घरच्या मैदानावर मिशिगनकडून १३-१० नं हरलं, भाच्याच्या होस्टेलमध्ये म्हणे कोणी जेवलं नाही, आणि जानेवारीत तेच चॅम्पियन. शंभर वर्षांची ती दुश्मनी, त्या मॅचवर पूर्वी सगळं सीझन टांगलेलं असायचं. ते थोडं कमी झालं, त्याचं वाईट वाटतं. पण ऑबर्न, युटाह, फ्लोरिडा स्टेट यांच्या वाट्याला जे आलं त्यापुढं ही किंमत मी मोजीन.

हे सगळं नाशिकमधून मी एवढं तळमळून का सांगतोय असं कोणाला वाटेल. आमच्या इथं कॉलेज आधी विभागात खेळतात, मग आंतरविभागीय, मग युनिव्हर्सिटीची टीम वेस्ट झोनला जाते, आणि झोनमधल्या पहिल्या चार टीम ऑल इंडियाला. कॉलेज खेळाची ही शिडी आपल्याकडं चांगली आहे, अमेरिकेनं घ्यावी अशी आहे. घोळ होतो तो खेळाडू निवडताना. माझ्या हाताखालचा एक लेफ्ट बॅक, ट्रायलला दोन्ही दिवस त्याच्या बाजूनं एक बॉल आत गेला नाही, संध्याकाळी लिस्ट लागली तर नाव नाही. विचारलं तर उत्तर मिळालं की कमिटीचा निर्णय आहे. बूट खांद्यावर टाकून तो सीबीएस बस स्टँडपर्यंत चालत गेला, रिक्षात बसायला तयार होईना. त्याला हरवलं असतं ना कोणी ग्राउंडवर, तर दुसऱ्या दिवशी सकाळी साडेपाचला तो परत आला असता, मला माहितीये. त्यानंतर तो आलाच नाही.

एक विनंती आहे संपादक साहेब. जिल्हा आणि विभागाच्या टीमच्या निवडीच्या बातम्या तुम्ही नावांसकट छापता, त्यासोबत निवड कुठल्या निकषावर झाली, ट्रायलला मार्क कसे दिले, हे एका ओळीत विचारून छापत चला. आयोजकांकडं उत्तर नसेल तर तेही छापा.

आपला,
एक फुटबॉल कोच आणि नियमित वाचक,
गंगापूर रोड, नाशिक