बाबा, नंबर तोच राहणार आहे

ती. बाबा आणि आई,
सा. न.

फोनवर सांगायला गेले की बाबा तुम्ही विषय सुपारीच्या भावावर नेता, आई मागून 'जेवलीस का' विचारते आणि तेवढ्यात लाइन कट होते, म्हणून हे सगळं लिहून बंड्यादादाला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतेय. तो प्रिंट काढून आणून देईल, मोठ्या अक्षरात काढ म्हणून सांगितलंय त्याला. आधी शेवटपर्यंत वाचा, मग काय रागवायचं ते रागवा.

तर झालंय असं की माझा आयफोन 13 मी तुमच्यासाठी पाठवलाय, श्वेताची आई पुण्याला येतेय तिच्याबरोबर. आणि तो आला की बाबांचा नंबर आपण एअरटेलवर पोर्ट करून घेतोय. दोन्ही गोष्टी ठरल्यात. तुम्हाला विचारलं नाही कारण विचारलं असतं तर तुम्ही म्हणाला असतात, 'काय गरज आहे, चाललंय की आमचं', आणि मग मी गप्प बसले असते आणि अजून एक पावसाळा तसाच गेला असता.

सगळ्यात आधी तुमची मोठी काळजी. नंबर बदलणार नाही! तोच दहा आकडी नंबर, जो पेन्शनला आहे, बँकेत आहे, आधारला आहे, भजनी मंडळाच्या वहीत आहे आणि गावातल्या निम्म्या लोकांना पाठ आहे. 2011 पासून आपल्याकडे नंबर तसाच ठेवून कंपनी बदलता येते, त्यात आता नवीन असं काही नाही, बंड्यादादाने स्वतःचा दोनदा बदललाय. फक्त फोनमधलं सिम बदलतं. समोरच्याला काही कळतही नाही.

आता तुम्ही म्हणाल, वर्षाचा रिचार्ज आत्ताच तर मारला. हो, तो जाईल. उरलेले दिवस आणि बॅलन्स नव्या कंपनीत येत नाहीत, तसा नियमच आहे. मला माहितीय तुम्हाला हे फोनच्या किमतीपेक्षा जास्त लागणार आहे. पण बाबा, त्या रिचार्जचे पैसे वाचवून आपण काय मिळवतोय? आईला रात्री दोन वाजता, पावसात, टॉर्च तोंडात धरून, एका हाताने पाखाडीची भिंत चाचपत देवळाच्या पायऱ्यांपर्यंत जावं लागलं, तिथे एक कांडी आली तेव्हा कुठे बंड्यादादाला फोन लागला. तुम्ही तिकडे माजघरात घामाने भिजून पडलेले, साखर किती खाली गेली होती ते डॉक्टरांनी तुम्हाला सांगितलं नाही, मला सांगितलंय. आईने मला हे सगळं आठ दिवसांनी सांगितलं, तेही हसत हसत. आई, तू हसलीस तरी मला कळतं गं.

मी इथे बसून दुसरं काय करू शकते याचा विचार करत होते. यंदा गणपतीला येणं जमत नाहीये हे तर तुम्हाला बोलले आहेच. व्हिसाचा शिक्का मारायला भारतात तारीख मिळत नाहीये आणि एकदा इथून बाहेर पडले आणि परत यायला दोन-तीन महिने लागले तर नोकरीचं काय, अमेयच्या एकट्याच्या अंगावर घर आणि चिनू, शिवाय शाळा. हे सगळं खरं आहे आणि तरीही लिहिताना बरं वाटत नाही. जाऊ दे. फोनकडे येते.

बाबा, तुम्ही नक्की विचारणार की हा अमेरिकेतला फोन तिकडे चालेल का, शेजारच्या अण्णांच्या मुलाने आणलेला चालला नव्हता. बरोबर आहे, सगळे चालत नाहीत. इथे बरेच लोक फोन हप्त्यावर कंपनीकडूनच घेतात आणि हप्ते फिटेपर्यंत त्या फोनमध्ये दुसऱ्या कंपनीचं सिम टाकलं तरी तो ते घेत नाही, लॉक असतो. आपल्याकडे लोक फोन दुकानातून घेतात आणि सिम वेगळं, त्यामुळे हा प्रकार फारसा माहीत नाही. माझे तीन वर्षांचे हप्ते संपले, मग मी कंपनीकडे अर्ज केला आणि त्यांनी लॉक काढला. यात चोरीमारी, तोडफोड काही नाही, हप्ते फिटले की लॉक काढून मागायचा हा सरळ व्यवहार आहे, आणि 2014 साली ओबामांनी सही केलेला कायदाही आहे इथे फोन अनलॉक करण्याबद्दल. तुम्ही कायदेशीर आहे का विचारणार म्हणून आधीच लिहिलं. सेटिंग्समध्ये कॅरिअर लॉक म्हणून एक ओळ असते, तिच्यासमोर आता 'नो सिम रिस्ट्रिक्शन्स' असं येतं. तेवढ्यावर माझा विश्वास बसला नाही म्हणून अमेयचं दुसऱ्या कंपनीचं सिम काढून त्यात घातलं आणि चिनूला फोन लावायला सांगितला. वाजला.

पण नुसता लॉक निघून भागत नाही. तिकडच्या टॉवरच्या ज्या लहरी असतात, 900, 1800, 2300 मेगाहर्ट्झ, त्या फोनला पकडता यायला हव्यात, या मॉडेलला येतात, मी आकडे जुळवून बघितलेत. मग व्होल्टी, म्हणजे 4जी वरून कॉल करायची सोय. हल्ली कॉलसुद्धा 4जी वरून जातात, जिओचं तर सगळंच व्होल्टीवर आहे, त्यांच्याकडे 2जी नाहीच. बाहेरून आणलेल्या काही अँड्रॉइड फोनना आपल्याकडच्या कंपन्यांचं व्होल्टी मिळत नाही, मग नेट चालतं आणि कॉल लागत नाही. अण्णांकडे बहुतेक तेच झालं असणार. आयफोनला तो त्रास नाही. आणि एक सांगते, मी मुद्दाम 13 ठेवला होता तुमच्यासाठी. इथे 14 पासून जे आयफोन विकले त्यांना सिम घालायचा ट्रेच नाही, सगळं ई-सिम, म्हणजे फोनच्या आतच असलेलं, बाहेर न काढता येणारं. तुम्हाला हातात धरता येईल असं सिम हवं, काही झालं तर काढून दुसऱ्या फोनमध्ये घालता येईल असं. म्हणून अमेयचा 15 पाठवला नाही, नाहीतर तुम्हाला वाटेल लेकीने जुना दिला आणि नवा ठेवला!! (आई, हे तुला वाटणार नाही माहितीय. बाबांना वाटेल.)

एअरटेलच का, तर बंड्यादादा दोन कंपन्यांची सिमं घेऊन घरभर फिरला, तुम्हाला तो 'मीटर बघायला आलोय' म्हणाला होता ना, तेव्हाच. ओटीवर, पडवीत, विहिरीजवळ याची रेंज चांगली मिळाली, आणि 4जी कमी पडलं तर कॉलपुरतं 2जी आहे. माजघरात आणि न्हाणीघरात मात्र कुठल्याच कंपनीचं काही चालणार नाही, आजोबांनी जांभ्याच्या भिंती बांधल्यात तशा, त्यातून लहर काय, पावसाचा आवाजसुद्धा आत येत नाही.

त्याच्यावर उपाय आहे, आणि माझ्या मते खरी गोष्ट हीच आहे. वायफाय कॉलिंग. दादाने जो वायफायचा डबा बसवलाय ना, ज्यावर आई टोपी घालून ठेवते धूळ बसू नये म्हणून (आई, ती टोपी काढ, तो तापतो), त्या वायफायवरून हा फोन साधा कॉल लावू शकतो. व्हॉट्सअ‍ॅप कॉल नाही, साधा, आपल्या नंबरवरून कुणाच्याही नंबरला, साध्या कीपॅडवाल्या फोनलासुद्धा. समोरच्याकडे वायफाय असायला नको, वेगळे पैसे नाहीत. म्हणजे माजघरात खाटेवर पडल्या पडल्या फोन लागेल. तुमच्या आत्ताच्या फोनमध्ये ही सोय नाही, म्हणून नुसतं सिम बदलून उपयोग नव्हता आणि नुसता फोन पाठवूनही नव्हता, दोन्ही एकदम करायला लागलं. आणि लाइट गेली की वायफाय गेलं, हे मला कळतं, मी पण त्याच घरात वाढलेय. दादाला सांगून वायफायची पिन इनव्हर्टरच्या बोर्डावर घेतलीय. तेव्हा इनव्हर्टरवर मिक्सर लावायचा नाही, आई.

आता सोमवारी काय करायचं ते नीट वाचा.

देवरुखला एअरटेलच्या दुकानात जायच्या आधी तुमच्याच फोनवरून, इंग्रजी मोठ्या अक्षरात पोर्ट, मग एक जागा सोडून आपला नंबर, असा मेसेज 1900 ला पाठवायचा. दादा पाठवेल. उलट आठ अक्षरांचा एक कोड येतो, तो चार दिवस चालतो. तो कोड दुकानात त्या मुलाला दाखवायचा, बाकी जगात कुणालाही सांगायचा नाही. कुणी फोन करून म्हणालं 'काका, मी कंपनीतून बोलतोय, कोड सांगा', तर फोन ठेवून द्यायचा, उद्धट वाटलं तरी चालेल. तुम्ही लोकांना चहा पाजून सगळं सांगता म्हणून लिहितेय.

आधार कार्ड मूळ न्या, झेरॉक्स नको. अंगठा लावायला सांगतील. गेल्या वेळी रेशनला सुपारी सोलून सोलून अंगठा उमटला नव्हता तसं झालं तर दुसरं बोट चालतं, चिडायचं नाही.

आणि बाबा, हे फार महत्त्वाचं. तुमचं आत्ताचं सिम त्या दुकानदाराने कात्रीने कापून बसवलेलं आहे, ते नव्या फोनच्या ट्रेमध्ये बसणार नाही. म्हणून तुमच्या डोक्यात येईल की आधी आहे त्याच कंपनीकडून छोटं सिम घेऊ, मग बघू पुढचं. अजिबात नाही. सिम बदललं की त्यानंतर सात दिवस नंबर पोर्टच करता येत नाही, 1 जुलै 2024 पासूनचा नियम आहे, आणि वर पहिले चोवीस तास मेसेजही येत नाहीत. सरळ पोर्ट करा, नवीन सिम लहानच येतं.

त्यानंतर साधारण तीन कामाचे दिवस लागतात. तोपर्यंत जुनं सिम जुन्याच फोनमध्ये चालू राहील. एके दिवशी, बहुतेक रात्रीच, ते बंद पडेल, घाबरायचं नाही, तेव्हाच नवीन घालायचं. त्या एक-दोन दिवसांत बँकेचं काही काढू नका, ओटीपी इकडे तिकडे अडकतो. नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्याला हाच नंबर लागेल, म्हणून म्हटलं आत्ताच उरकून टाकू, ऐन वेळी धावपळ नको. पैसे पाठवायचं अ‍ॅप नव्या फोनवर परत चालू करावं लागेल, दादा करून देईल, पण पिन तुम्ही स्वतः टाका आणि टाकताना दादाला म्हणा तिकडे बघ. तो घरचा आहे, हो, तरीपण.

जुना फोन टाकून द्यायचा नाही की कुणाला द्यायचा नाही. त्यात चिनूचे बारशाचे फोटो आहेत, मी आले की बघते.

फोनमध्ये मी बरंच काही करून ठेवलंय. अक्षर मोठं केलंय, इतकं मोठं की अमेय म्हणाला एसटीचा बोर्ड दिसतोय. मराठी कीबोर्ड आहे. पहिल्याच पानावर चारच फोटो आहेत, बंड्यादादा, डॉक्टर, मी, शमाकाकू, फोटोवर बोट ठेवलं की फोन लागतो. फोन लॉक असला तरी इमर्जन्सीवर दाबून मेडिकल आयडी उघडता येतं, तिथे बाबांच्या गोळ्या, शुगर, पेनिसिलिन चालत नाही ते, सगळं लिहिलंय. आई, तुला तो फोन उघडायचा नंबर मुद्दाम सोपा ठेवलाय, तुझ्या लग्नाची तारीख. बाबांना आठवेल की नाही शंका आहे म्हणून त्यांना पण सांगून ठेव.

पुन्हा कधी तसं झालं तर बाहेर पडायचं नाही. आधी साखरेचं पाणी, मग दादाचा फोटो, मग 108. मग मी. माझ्याकडे किती वाजलेत याचा हिशोब करत बसायचा नाही. मी रत्नागिरीला हॉस्टेलवर होते तेव्हा रोज रात्री नऊला त्या बूथवर रांगेत उभे राहून एक रुपयाची नाणी खिशात खुळखुळवत फोन करायचात ना बाबा, मी 'बरी आहे' एवढंच म्हणायचे आणि ठेवायचे, मुली थांबलेल्या असायच्या मागे. तेव्हा तुम्हाला त्यातनं काय मिळायचं ते मला आत्ता चिनू डे-केअरला गेल्यावर कळायला लागलंय. तेवढंच मला पाहिजे. रोज एक 'बरा आहे', माजघरातून, लाइन कट न होता. बाकी सुपारीचा भाव पण सांगा, मी ऐकते.

आई, पायाला तेल लावतेस का? आणि बाबा चहात साखर 'नावापुरती' म्हणून किती घालतात ते मला खरं कळव, वेगळा फोन कर हवं तर.

तुमची
पमी

ता. क. फोनबरोबर फक्त वायर आहे, चार्जरचा ठोकळा नाही. इथल्या पिना चपट्या असतात, आपल्या सॉकेटमध्ये बसत नाहीत. दादाला सांगितलंय, तो देवरुखला टाइप सी भोकाचा ठोकळा घेईल, चांगल्या कंपनीचा. बसस्टँडसमोरचा शंभर रुपयेवाला घेऊ नका, बाबा. मी बिल मागणार आहे.